दीवची रात्र म्हणजे नुसती बाटली का?

डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीत दीवचे बेत सुरू होतात. नाताळची सुट्टी, बडोद्याहून रात्रीची स्लीपर बस, सकाळी डोळे उघडतात तो समोर खाडीचा पूल. बेत झकासच आहे. फक्त बेत सांगणारा मला पाहून एक वाक्य हमखास टाकतो, "टीचर, तुमच्या दीवला चाललोय, तुमच्या पद्धतीनं नाताळ करायला!" आणि पद्धत कोणती, ते अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवतो. माझ्याच हाताखाली शिकलेली मुलं ही, आता चाळिशीची. रागावणार तरी किती?

रागवायचं नाही, पण हिशेब स्पष्ट करायचा आहे. गुजरातेत राज्य झाल्यापासून, म्हणजे 1960 पासून, दारूबंदी आहे. दीव केंद्रशासित, तिथं नाही. दीवचे बार भरतात ते या सीमेमुळं, चर्चमुळं नव्हे. उद्या कायदा उलटा झाला तर हीच गर्दी उलट्या दिशेनं ऊन्याकडे धावेल. बेटावर बहुसंख्य लोक हिंदू, त्यांत कोळी-खारवी दर्यावर जगणारे पुष्कळ. कॅथलिक कुटुंबं अगदी मोजकी. 2011च्या जनगणनेत अख्ख्या दीव जिल्ह्याची वस्ती बावन्न हजारांच्या घरात होती. एवढ्याशा गावावर 31 डिसेंबरला गाड्यांच्या रांगा लोटतात, पहाटेपर्यंत डीजे, रस्त्यावर काचा. सकाळी त्या काचा कोण झाडतं, याचा विचार हॉटेल बुक करताना कोणी करतं का?

आणि आपल्यांनाही सांगते. "दीवला गेलं की थोडी चालतेच" हे वाक्य मी आपल्याच तरुण मंडळातही ऐकलं आहे. शेजाऱ्यांनी आपली अशी ओळख का धरली, याचं थोडं उत्तर तिथं आहे.

शाळेच्या सहली घेऊन मी दीवला बऱ्याच वेळा गेले. दुपारी ऊन सोसवतं, पहाटे पातळ शाल पुरते; थंडीत फिरायला याहून बरी हवा कुठली. सकाळी किल्ला आधी. 1535 साली सुलतान बहादूरशहाशी तह करून पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, आणि दोनच वर्षांत तोच सुलतान दीवच्या पाण्यात मेला. 1538 आणि 1546 अशा दोन वेढ्यांत किल्ला टिकला. तटावर उभं राहिलं की खाली पाण्यातला पाणीकोट दिसतो, जहाजासारखा. मुलांना इतिहासाच्या पुस्तकातली चार पानं तिथं पाच मिनिटांत कळतात, हा माझा अनुभव आहे. ऊन चढायच्या आत नायडाच्या गुहा पाहाव्यात. दगड काढून काढून झालेली ती पोकळी, वरून उजेडाचे खांब उतरतात.

नागोआला पाण्यातले खेळ आहेत, पॅरासेलिंग आहे, केळ्याच्या आकाराची बोट आहे. करा, जरूर करा. पण तिथली होक्याची झाडं बघायला विसरू नका. ताडासारखंच झाड, पण याला फांद्या फुटतात! मूळ आफ्रिकेचं, पोर्तुगीजांच्या काळात आलं म्हणतात. मोपेड किंवा सायकल भाड्यानं मिळते, रस्ते सपाट आहेत. वणाकबाऱ्याला सकाळी होड्या लागतात तेव्हा जावं. फुदमला गंगेश्वराच्या पाच पिंडींवर लाट येऊन जाते, ते आमच्या सहलीतल्या सगळ्या धर्मांच्या मुलांना सारखंच आवडायचं.

राहिली रात्र. दीवला रात्र नाही असं मी म्हणत नाही. संध्याकाळी बंदर रोडवर सारं गाव फिरायला उतरतं. तिथल्या बाकावर तासभर बसा, पाण्यावरचे दिवे बघा, तळलेले मासे खा. ज्याला प्यायची आहे त्यानं आपल्या हॉटेलात बसून प्यावी, मी काही कोणाची वॉर्डन नाही. पण प्यायल्यावर गाडीला हात लावू नये, समुद्रात उतरू नये, आणि किनाऱ्यावर बायकामुलींकडे रोखून बघत उभं राहू नये. माझी विद्यार्थिनी गेल्या वर्षी लेकीला घेऊन गेली, ती या एका कारणानं दुसऱ्या दिवशीच परत आली. बाटली लपवून आणण्याचा पराक्रमही नको; नाक्यावर गाडी उघडली की सुट्टीची सांगता पोलीस चौकीत होते, आणि मागच्या सीटवर म्हातारी आई बसलेली असते.

दीवच्या डिसेंबरात दुसऱ्याही रात्री आहेत. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री आयएनएस खुकरी या बेटापासून समुद्रात बरंच आत बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता त्याच्याबरोबर गेले. चक्रतीर्थाला स्मारक आहे. लोक तिथं सेल्फी काढतात आणि पुढचा बार गाठतात. पाटी वाचायला दोन मिनिटं लागतात.

आणि मग 24 तारखेची रात्र. दीवमधलं सेंट पॉल चर्च 1610 साली पुरं झालं. जुन्या तीन मोठ्या चर्चपैकी एकात पुढं इस्पितळ आलं, एकात संग्रहालय, उपासना चालते ती इथं. आतलं काळसर लाकडी कोरीवकाम दिवसा कोणीही पाहू शकतं, पण ते मेणबत्त्यांच्या उजेडात, गाणी चालू असताना बघावं. ज्यांना "तुमच्या पद्धतीचा नाताळ" बघायचा आहे त्यांना माझं आग्रहाचं आमंत्रण आहे, फादरांच्या वतीनं मीच देऊन टाकते. मिस्सेची वेळ आदल्या दिवशी चर्चमध्ये विचारून घ्या. साधे, नीटनेटके कपडे घाला. मोबाइल खिशात ठेवा. मागच्या बाकांवर बसा, सगळे उभे राहिले की उभे राहा. कम्युनियनच्या रांगेत मात्र जाऊ नका. तो मंदिरातल्यासारखा सर्वांना वाटायचा प्रसाद नव्हे, बाप्तिस्मा आणि तयारी झालेल्यांसाठी असतो. जागेवर शांत बसलात तरी पुरे. मिस्सा संपली की गव्हाणीपाशी सगळे जमतात, तिथं अनोळखी माणसालाही "हॅपी ख्रिसमस" म्हणून हात मिळवतात. तुम्हीही मिळवा.