यंत्राइतकीच यंत्रामागची तरतूद महत्त्वाची

फलटण : पेशी ऑक्सिजन किती वेगाने वापरते आणि साखरेपासून ऊर्जा कशी मिळवते, हे जिवंत पेशींवरच मोजणारी उपकरणे आज कर्करोगापासून जनावरांच्या प्रजननापर्यंत अनेक विषयांच्या संशोधनात वापरली जातात. अशी सामग्री ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांच्या हाती कशी द्यायची, हा विद्यापीठांपुढील प्रश्न आहे. तो केवळ निधीचा नाही, हे फलटणच्याच उदाहरणावरून दिसते.

बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गारोळ मेंढीतील जुळ्यांचे प्रमाण वाढविणारे ‘फेक-बी’ जनुक दख्खनी मेंढीत आणले. ‘नारी सुवर्णा’ हा त्याचा परिपाक. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात ऑस्ट्रेलियातील संस्था व पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सहभागी होत्या. २००१ मध्ये या जनुकातील बदल नेमका हाती लागला आणि रक्ताच्या नमुन्यावरून वाहक मेंढी ओळखणे शक्य झाले. कळप फलटणला आणि जनुकतज्ज्ञ पुण्यात, अशी ही विभागणी होती.

चयापचयाच्या अभ्यासात मात्र ही सोय मर्यादित ठरते. डीएनएचा नमुना जपून दूर पाठविता येतो. जिवंत पेशीची ऊर्जाक्रिया काही तासांतच मोजावी लागते. जुळी कोकरे पोसणाऱ्या मेंढीच्या पेशींवर उन्हाचा आणि अपुऱ्या चाऱ्याचा काय परिणाम होतो, हे पाहायचे तर प्रयोगशाळा कळपापासून फार लांब असून चालत नाही. फलटणहून पुणे सुमारे ११० किलोमीटर, तर ज्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात फलटण येते ते कोल्हापूर त्याहून बरेच दूर आहे.

खर्च खरेदीनंतरचा

या क्षेत्रात ‘सीहॉर्स’ या नावाने ओळखले जाणारे विश्लेषक यंत्र प्रसिद्ध आहे. २४ किंवा ९६ कप्प्यांच्या पट्टीतील पेशींचा ऑक्सिजन-वापर आणि त्यांनी बाहेर टाकलेले आम्ल ते एकाच वेळी मोजते. मात्र त्याचे संवेदक आणि पेशींची पट्टी एकदाच वापरता येते. पेशी वाढविण्यासाठी निर्जंतुक कक्ष, उष्मायन पेटी आणि द्रव नायट्रोजन लागतो. देखभालीचा करार आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ नसल्यास महागडे यंत्र लवकरच धूळ खात पडते. त्यामुळे प्रस्तावात यंत्राच्या किमतीबरोबरच पुढील पाच वर्षांच्या खर्चाचा हिशेब असणे आवश्यक आहे.

नियमांची अडचण काही अंशी कमी झाली आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख, तर खरेदी समितीमार्फत होणाऱ्या खरेदीची मर्यादा १० लाखांवरून २५ लाख रुपये केली. ही सवलत प्रामुख्याने केंद्राच्या वैज्ञानिक विभागांखालील संस्थांसाठी आहे. राज्याच्या विद्यापीठांनाही तिचा लाभ मिळावा, यासाठी राज्य सरकारने आपल्या खरेदी नियमांचा विचार करायला हवा.

दोन पातळ्यांवर विचार हवा

महागडे विश्लेषक यंत्र प्रत्येक महाविद्यालयात असण्याची गरज नाही. ते विद्यापीठाच्या मध्यवर्ती केंद्रात असावे आणि जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘आय-स्टेम’ या राष्ट्रीय संकेतस्थळावर त्याची नोंद व्हावी. म्हणजे बाहेरच्या संशोधकांनाही वेळ राखून ठेवता येईल. महाविद्यालयांसाठी १९५० च्या दशकात विकसित झालेला क्लार्क ऑक्सिजन इलेक्ट्रोड पुरेसा आहे. यीस्ट किंवा अंकुरलेल्या बियांच्या पेशींचे श्वसन त्यावर विद्यार्थ्याला स्वतः मोजता येते. करडईच्या संशोधनाची परंपरा असलेल्या फलटणला त्यासाठी बी शोधत फिरावे लागणार नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षी संशोधनासह पदवीची तरतूद आहे. प्रयोगशाळेविना हे संशोधन कागदावरच राहण्याचा धोका आहे. विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च, यंत्रावरील राखीव तास आणि तंत्रज्ञाचे कायम पद या तीन गोष्टी मंजुरीच्या वेळीच निश्चित झाल्या, तरच सातारा-सांगलीतील विद्यार्थ्याला अशा खरेदीचा खरा उपयोग होईल.