बाळाची नीज आणि पाण्याची वेळ : महापालिका आयुक्तांस खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

महोदय,



टेंभीपाड्यापासून खिंडीपाड्यापर्यंत भांडुपच्या डोंगरउतारावर ज्या वस्त्या चढत गेल्या आहेत, त्यांतील पाच वर्षांखालील मुले रात्री केव्हा निजतात, किती वेळा दचकून उठतात आणि पहाटे कोणाच्या हाकेने जागी होतात, याचा पद्धतशीर शोध आपल्या खात्यातील परिचारिकांकरवी घेतला जावा, एवढ्या एकाच विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. आणि ते बंद पाकिटातून न पाठवता उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, ज्या मातांच्या वतीने ही विनंती करावयाची, त्यांनाही ते वाचता यावे व त्यात काही वावगे असेल तर त्यांनी ते दाखवून द्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत पहिल्या तीन महिन्यांत १४ ते १७ तास, चौथ्या ते अकराव्या महिन्यापर्यंत १२ ते १६, एक-दोन वर्षांच्या मुलास ११ ते १४ आणि तीन-चार वर्षांच्या मुलास १० ते १३ तास झोप, दिवसाची धरून, मिळावी असे म्हटले आहे. तक्ता निर्दोष आहे, आणि तो आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावण्यास कोणाचीच हरकत असणार नाही; भिंतीवर तक्ते लावण्याच्या कामी आपली सरकारी खाती कधीच मागे पडलेली नाहीत. परंतु तीन वर्षांच्या मुलीला रात्रीचे नऊ-दहा तास सलग निजू द्यावयाचे, म्हणजे त्याच खोलीतील उरलेल्या चार-पाच माणसांनी तेवढा काळ अंधारात आणि मौनात काढावयाचा, हा त्या तक्त्याचा उत्तरार्ध कोठेही छापलेला नसतो.

ती खोली दहा बाय बाराची असते, वर पोटमाळा असला तर भाग्याचे. कामावरचा माणूस गर्दीच्या लोकलमधून उतरून, डोंगराच्या पायऱ्या चढून घरी पोचेपर्यंत रात्रीचे साडेनऊ-दहा होतात. मग ताटे मांडली जातात, भांडी घासली जातात, आणि कोणाच्या तरी हातातला मोबाइल अकरा वाजून गेले तरी बोलत राहतो. दिवा एकच, तो मालवला तर थोरल्याचा अभ्यास बुडतो, न मालवला तर धाकटीचे डोळे मिटत नाहीत, म्हणून आई तिला कुशीत घेऊन आपला पदर तिच्या तोंडावर छत्रासारखा धरते व दुसऱ्या हाताने थोपटत राहते, आणि त्या पदराखाली जो वीतभर काळोख तयार होतो तीच त्या मुलीची निजावयाची खोली. उत्तररात्री केव्हातरी गल्लीच्या तोंडाशी 'पाणी आलं' अशी हाक उठते. पिंपे सरकतात, हंडे-कळश्या एकमेकींवर आपटतात, प्लॅस्टिकचा पाइप उंबऱ्यावरून आत घेतला जातो. या आवाजांना मुले सरावलेली असतात, परंतु शेजारची आईची ऊब निघून गेली की थोड्याच वेळात उठून बसतात, आणि नळापाशी उभ्या असलेल्या बाईला एका हाताने कळशी व दुसऱ्या हाताने मूल सावरावे लागते.

आरोग्याच्या पत्रात पाण्याचा विषय शिरला याचे आपणांस नवल वाटेल. पण भांडुपात राहून तो टाळणे अवघड आहे. वैतरणेच्या खोऱ्यातून येणारे पाणी आमच्याच उशाशी, भांडुप संकुलात, प्रतिदिन १,९१० आणि ९०० दशलक्ष लिटर क्षमतेच्या दोन केंद्रांत शुद्ध होते आणि तेथून मुंबईच्या मोठ्या भागाची तहान भागवते. उंचावरच्या वस्तीला दाबाने पाणी चढवावे लागते, सबब तिच्या वाट्याला अडनिडी वेळ येते, हे जल अभियंता खात्याचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खोडून काढण्याइतके ज्ञान मला नाही. तथापि चावीवाल्याने कोणत्या प्रहरी चावी फिरवावी हे मुक्रर करताना त्या वस्तीत निजलेल्या मुलांचा विचार कोणत्याही टिपणात आला असेल असे वाटत नाही, आणि न येण्याचा दोष अभियंत्यांना देता येत नाही; कारण त्यांच्यापुढे तो आकड्यांत मांडणारे कोणी नव्हते.

शाळांच्या बाबतीत असा विचार एकदा झाला. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेचा प्रश्न जाहीरपणे काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये, पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश शालेय शिक्षण विभागाने काढला. आदेश स्तुत्य खराच. मात्र तो काढणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे प्रत्येक मुलाला आपापली खोली असलेले घर असावे. कारण ज्या खोलीत चौथीतला मुलगा आणि सातवीतली बहीण एकाच सतरंजीवर निजतात, तेथे सातवीचा वर्ग सात वाजता भरणार असेल तर साडेपाचला लागणारा दिवा चौथीतल्या मुलासाठी वेगळा विझवून ठेवता येत नाही.

(रात्रीची झोप मोडणाऱ्या रेल्वेच्या आवाजाबद्दल तक्रार करण्याचा अधिकार भांडुपकरांस कितपत आहे याविषयी मी साशंक आहे. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना मुंबई-ठाणे-कल्याण लोहमार्गाची कल्पना १८४३ मध्ये भांडुपच्याच भेटीत सुचली, असा इतिहास आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी रात्री दहा ते सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे; रुळांलगतच्या घरांतून ती पाळली जाते का हे मोजावयास कोणी यावे, एवढेच.)

आता हे काम परिचारिकांचेच का, असा प्रश्न आपण विचाराल. १८५९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी गोंगाटावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि रुग्णाची पहिली झोप मोडू न देणे हे शुश्रूषेचे आद्य कर्तव्य मानले. तेव्हा झोप हा या व्यवसायाचा विषय आहे हे काही नवे नाही. परंतु माझे मुख्य कारण याहून साधे आहे. डॉक्टरांकडे मूल आजारी पडल्यावर जाते. घराचा उंबरा ओलांडून, लशीच्या निमित्ताने का होईना, मूल कोठे आणि कोणाच्या शेजारी निजते हे डोळ्यांनी पाहणारी व्यक्ती म्हणजे आपली परिचारिका आणि तिच्यासोबत फिरणारी आरोग्यसेविका.

परदेशांत परिचारिकांनी या विषयात जे केले, त्यातील दोन उदाहरणे आपल्या उपयोगाची आहेत. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे हॅरिएट हिस्कॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२८ मातांचा अभ्यास केला, ज्यात झोपेच्या सवयींचे मार्गदर्शन माता-बाल आरोग्य केंद्रांतील परिचारिकांनीच दिले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बाळांच्या झोपेच्या तक्रारी तर घटल्याच, पण मातांमधील नैराश्याची लक्षणेही कमी आढळली. ती मुले सहा वर्षांची झाल्यावर केलेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत त्या उपायांचा अपाय दिसला नाही. दीर्घकाळ टिकणारा लाभही दिसला नाही, आणि तेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदवले. दुसरे उदाहरण कॅनडाचे. टोरांटो विद्यापीठाच्या परिचर्या विद्याशाखेतील रॉबिन स्ट्रेमलर यांनी पहिलटकरीण अशा २४६ मातांवर प्रयोग केला. निम्म्या मातांना परिचारिकेने प्रत्यक्ष भेटून झोपेविषयी समजावले, पुस्तिका दिली, पुढे दूरध्वनीवरून विचारपूस केली, आणि सर्वांची झोप मनगटावर बांधण्याच्या उपकरणाने मोजली. २०१३ मध्ये जाहीर झालेला निकाल असा की, दोन्ही गटांतील मातांच्या रात्रीच्या झोपेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मला हा दुसरा अभ्यास पहिल्याहून अधिक मोलाचा वाटतो, कारण कळकळीने दिलेला आणि उत्तम छापलेला सल्लाही सुरुवातीच्या आठवड्यांत फिका पडू शकतो, हे त्याने लपवले नाही. आणि जेथे टोरांटोत ही गत, तेथे टेंभीपाड्यात नुसत्या सल्ल्याने काय साधेल?

म्हणून शोधाचा आरंभ उपदेशाने होऊ नये. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह १७ देश व प्रदेशांतील २९,२८७ मुलांच्या पाहणीत आशियातील मुले उशिरा निजतात व एकूण कमी झोपतात असे दिसले. परंतु आमच्या आयांना त्यावरून नापास ठरवण्यापूर्वी त्या काय करतात ते पाहावे. झोपेच्या अभ्यासक जोडी मिंडेल यांच्या चमूने ४०५ मातांसह केलेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्नान, मालिश आणि मग शांतपणे जवळ घेणे असा रोजचा क्रम ठेवल्यावर मुले लवकर निजू लागली आणि मातांची मनःस्थितीही सुधारली. तेल लावणे, टाळू भरणे, कढत पाण्याने न्हाऊ घालणे, दुपट्यात गुंडाळून थोपटणे, यात आमच्या आज्यांना नवे काय? भेद असलाच तर वेळेचा. आमचे न्हाणे सकाळी, त्यांचे निजण्यापूर्वी. आता ज्या घरी पाणी पहाटे भरून ठेवावयाचे आणि दिवसभर पुरवावयाचे, तेथे रात्री उरलेल्या अर्ध्या बादलीत हा क्रम बसतो का, हे केवळ त्या घरी गेलेली परिचारिकाच सांगू शकेल. तिने झोळीत निजणाऱ्या बाळाची झोपही मोजावी, आणि शेक-धुरीचा धूर जेथे अजून बंद खोलीत कोंडला जातो तेथे तो बंद करण्यास मात्र अभ्यासाची वाट न पाहता सांगावे.

माझी तजवीज अशी. केईएम, नायर व शीव येथील महापालिकेच्या परिचर्या प्रशिक्षणसंस्थांनी भांडुप ज्यात येते त्या एस विभागातील आरोग्य केंद्रांच्या परिचारिकांसह वर्षभराची पाहणी हाती घ्यावी; घरभेटीच्या नोंदवहीत निजण्याची वेळ, उठण्याची वेळ, उठवणारे कारण आणि आईची झोप असे चार रकाने वाढवावेत; या कामासाठी परिचारिकेस आठवड्यातील अर्धा दिवस इतर कामांतून मोकळा मिळावा, आणि निष्कर्षाच्या कागदावर तिचे नाव असावे. हे शेवटचे मी मुद्दाम लिहितो, कारण माहिती गोळा करणारी एक आणि प्रबंधावर झळकणारा दुसरा, ही आमच्याकडील जुनी वहिवाट आहे. शिवाय रात्रपाळीची परिचारिका इतरांच्या मुलांना निजवते त्या रात्री तिचे स्वतःचे मूल कोणाच्या कुशीत असते, हाही या पाहणीतला एक नमुना ठरावा. भांडुपच्या ज्या ३६० खाटांच्या बहुविध विशेष उपचार रुग्णालयाची पायाभरणी १९ जानेवारी २०२३ रोजी झाली, तेथे या कामासाठी एक खोली राखून ठेवता आली तर अधिक चांगले. न आली तर आरोग्य केंद्रातले एक टेबल पुरे आहे.

उपकरणे, छपाई आणि प्रशिक्षण यांच्या खर्चाची मंजुरी यथावकाश मिळेल. जल अभियंता खात्याकडून एस विभागातील उंच वस्त्यांच्या पाणी सोडण्याच्या वेळांचा गल्लीनिहाय तक्ता मात्र आरोग्य खात्यास आधीच देवविण्याची आज्ञा व्हावी, कारण तो हाती आल्यावाचून त्या नोंदवहीतील तिसरा रकाना पडताळता येणार नाही.

कळावे,

आपला नम्र,
भांडुप (पश्चिम) येथील एक करदाता