पारसची वीज नेमकी कुणाची?

१/ अकोल्यात, असदगडाच्या पायथ्याच्या जुन्या शहरात वीज गेली की एक वाक्य हमखास कानी पडते : “पारस आपल्याच जिल्ह्यात हाय, मंग अंधार आपल्याच घरात काऊन?” प्रश्न रास्त आहे, त्यामागची समजूत मात्र चुकीची आहे.

२/ पारसच्या औष्णिक केंद्रात प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. त्यांची वीज पारेषण वाहिनीत शिरली की तिला गाव उरत नाही. जोडलेली सारी जनित्रे एकाच तालात, सेकंदाला ५० आवर्तने, चालतात. कुठेही मागणी अवाच्या सवा वाढली तर सर्वांचाच ताल मंदावतो.

३/ ही एकतालता टप्प्याटप्प्याने आली. पश्चिम ग्रिड २००३ मध्ये पूर्व व ईशान्येशी जुळले, २००६ मध्ये उत्तरेशी. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणही जोडली गेली. वऱ्हाडच्या इतिहासात आपण १८५३, १९०३, १९५६, १९६० ही साले पाठ करतो. माझ्या मते २०१३ हे सालही त्याच पंक्तीत बसायला हवे.

४/ शेजाऱ्यांचा हा व्यवहार काटेकोर आहे. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग पाडतात आणि प्रत्येक भागात कोणत्या राज्याने किती वीज उचलायची, हे आधीच ठरते. महाराष्ट्राचा मेळ कळव्याचे राज्य भार प्रेषण केंद्र घालते, तर पश्चिम विभागाचा मुंबईतील केंद्र. ठरल्याहून अधिक उचलणाऱ्याला त्याचे दाम मोजावे लागतात.

५/ शिस्त मोडली की काय होते, हे जुलै २०१२ ने दाखवले. उत्तरेतील राज्ये ठरल्याहून अधिक वीज ओढत होती. बीना–ग्वाल्हेर मार्गावरची एक वाहिनी कामासाठी बंद होती. उरलेल्या वाहिनीवर भार वाढून तीही बंद पडली. ३० तारखेला उत्तर ग्रिड कोसळले आणि ३१ तारखेला उत्तर, पूर्व व ईशान्य तिन्ही. सुमारे ६० कोटी लोकांची वीज गेली. पश्चिम ग्रिड वेगळे झाले, म्हणून अकोल्यात दिवे राहिले.

६/ म्हणून गल्लीतल्या रोजच्या अंधाराचा जाब ग्रिडला नव्हे, तर रोहित्रे आणि जुनाट तारा सांभाळणाऱ्या वितरण व्यवस्थेला विचारावा.

७/ तरीही त्या वाक्यातला सल खोटा नाही. वीज सर्वांत वाटली जाते, राख मात्र बाळापूर तालुक्यातच पडते. पाणीही इथलेच खर्ची पडते. “आमची वीज आम्हाला द्या” ही मागणी टिकणारी नाही. ९६ भागांच्या त्या हिशेबात राख आणि पाणी कोणत्या रकान्यात लिहिले जाते, हे वऱ्हाडाने आता विचारले पाहिजे.