साडेपंचाहत्तर नंबरचं घर

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये, बेडफर्ड स्ट्रीटवर ७५ आणि ७७ नंबरच्या घरांमध्ये एक घर आहे. त्याचा नंबर ७५½. रुंदी बाहेरून साडेनऊ फूट, आत जेमतेम साडेआठ. पूर्वी इथून घोडागाडी मागच्या बाजूला जायची. १८७३ साली त्या वाटेवरच हे तिमजली घर उभं राहिलं. एडना सेंट व्हिन्सेंट मिले या कवयित्रीला १९२३ साली पुलित्झर मिळालं, त्याच वर्षी तिचं लग्न झालं आणि १९२३-२४ मध्ये ती नवऱ्यासह इथे राहिली. दाराशी तिच्या नावाची पाटी आहे.

मला मात्र या घराइतकीच त्याच्या शेजाऱ्यांची गोष्ट मोलाची वाटते. साडेनऊ फुटांचं घर एकटं जगत नाही. ७७ नंबरचं घर १७९९ सालचं, व्हिलेजमधल्या सर्वांत जुन्या घरांपैकी. उद्या ते किंवा ७५ नंबरचं पाडून तिथे टॉवर आला, तर मधल्या घराला कवयित्रीची पाटी कितपत वाचवेल?

त्याच शहरातलं दुसरं उदाहरण आहे. लेक्झिंग्टन अव्हेन्यू आणि ८२व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जोसेफ रिचर्डसन या गृहस्थांची पाच फूट रुंदीची जमिनीची पट्टी होती. शेजारच्या प्लॉटवर इमारत बांधणाऱ्याने तिचे हजार डॉलर देऊ केले, रिचर्डसननी पाच हजार मागितले. सौदा फिसकटला. तेव्हा त्यांनी १८८२ साली त्या पट्टीवर चार मजली घर बांधलं आणि स्वतः तिथे राहायला गेले. लोक त्याला ‘खुन्नस घर’ म्हणायचे. विचित्रपणात ते बेडफर्ड स्ट्रीटला सहज मागे टाकणारं होतं. १९१५ साली ते पाडलं गेलं. तेव्हा शहराकडे अशा वास्तू राखण्याचा कायदाच नव्हता.

तो आला १९६५ साली. १९६३मध्ये भव्य पेन्सिल्व्हेनिया स्टेशनवर हातोडा पडला आणि न्यूयॉर्ककर हळहळले. त्या हळहळीतून कायद्याला बळ मिळालं. व्हिलेजमध्ये तर लोक आधीच जागे झाले होते. १९६१ साली महापालिकेने वेस्ट व्हिलेजमधल्या १४ ब्लॉक्सवर ‘झोपडपट्टी’ असा शिक्का मारायचं ठरवलं, तेव्हा तिथल्याच रहिवासी लेखिका जेन जेकब्ज आणि त्यांचे शेजारी रस्त्यावर उतरले आणि पुढच्या वर्षी तो बेत सोडायला लावला. १९६९ साली ग्रीनिच व्हिलेजचा मोठा भाग एकत्रितपणे वारसा परिसर म्हणून जाहीर झाला: दोन हजारांहून जास्त इमारती, त्यात कुणीही कवी कधी न राहिलेली शेकडो साधी घरं. ७५½ला खरी सोबत मिळाली ती या साध्या घरांची.

याला एक सल आहेच. २०१३ साली ७५½ नंबरचं घर साडेबत्तीस लाख डॉलरना विकलं गेलं. आज कुठल्या तरुण कवयित्रीला तिथलं भाडं परवडणार? भिंती राखणारा कायदा भाडेकरूंना राखत नाही, त्यासाठी वेगळी लढाई लागते. पण भिंतीच गेल्या तर ती लढाई लढायला जागाही उरत नाही.

मुंबईच्या १९९५च्या वारसा नियमावलीत एकेका वास्तूबरोबर परिसरालाही स्थान मिळालं, ते म्हणूनच महत्त्वाचं. पुण्याच्या पेठांत कितीतरी वाडे सामाईक भिंतींवर उभे आहेत. एक पाडला की शेजारच्याची मातीची भिंत उघडी पडते, दोन पावसाळ्यांत फुगते आणि मग तोही ‘धोकादायक’ ठरतो. पुनर्विकासाची परवानगी देताना एका प्लॉटचा नकाशा बघून चालणार नाही. दोन्ही बाजूंच्या भिंतींची तपासणी, आणि त्या सावरण्याचा खर्च बांधणाऱ्याच्या माथी, ही अट पहिल्याच कागदावर हवी.