पार्ल्याचा एक वाद

पार्ल्यास आमचे एक जुने स्नेही राहतात. गेल्या महिन्यांत त्यांच्याकडे जाणें झालें, तों घरांत मोठा वाद चाललेला. त्यांची नात संस्कृत घेऊन बी. ए. उत्तीर्ण झाली, आतां एम. ए. मुंबई विद्यापीठांत करावें कीं श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठांत, हा वादाचा विषय. आजोबांचा कल महिला विद्यापीठाकडे; कारण काय, तर तेथें सर्व मुलीच. काकांचा कल मुंबईकडे. कारण काय, तर १८५७ सालापासूनचें नांव. आजींचें म्हणणें, जेथून मुलगी दिवेलागणीपूर्वीं घरीं येईल तें बरें. खुद्द मुलगी आम्हांस चहा देऊन आंत निघून गेली.

आम्हांस मत विचारण्यांत आलें. पंतोजीस प्रश्न विचारला म्हणजे तो इतिहासापासून आरंभ करणार, हें वाचकांस ठाऊकच आहे. फोर्टमधील मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून उभा राहिला व त्यास त्यांच्या मातोश्रींचें नांव मिळालें. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर, चर्चगेटजवळ, महिला विद्यापीठ आहे. त्यास सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं १९२० सालीं पंधरा लक्ष रुपये देऊं केले, आणि त्यासहि त्यांच्या मातोश्रींचेंच नांव मिळालें. एकाच शहरांत दोन विद्यापीठें दोन मातांचीं नांवें वागवीत उभीं आहेत. भांडणारे मात्र बहुधा पुरुष!

महिला विद्यापीठाची मूळ कथा आमच्या विशेष आवडीची आहे. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णासाहेब कर्वे यांच्या हातीं आली, आणि १९१६ सालीं पुण्यास त्यांनीं आपलें विद्यापीठ काढलें. शिक्षण मातृभाषेंतून, इंग्रजी हा आवश्यक विषय, विद्यार्थिनी अगदीं मोजक्या. पदवीस नांव दिलें ‘गृहीतागमा’. गृहीत केला आहे आगम जिनें ती, बहुव्रीहि समास. इतकें सुरेख पदवीनाम आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं. परंतु त्या पदवीस सरकारची मान्यता नव्हती, आणि तेवढ्यासाठीं पुष्कळ पालक कचरत. पुढें १९३६ सालीं विद्यापीठाचें मुख्य ठाणें मुंबईस आलें व १९५१ सालीं त्यास कायद्यानें विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेव्हां, ‘तिकडच्या पदवीला मान्यता आहे ना हो?’ असें जें काकांनीं हळूच विचारलें, तो प्रश्न सत्तर वर्षें शिळा झालेला आहे.

आजोबांसहि आम्हीं सोडलें नाहीं. मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी. ती एकोणिसाव्या शतकांतच झाली. आज तेथें मुली शिकतात यांत नवल तें काय? दोन्ही ठिकाणीं संस्कृताचा विभाग आहे. मुंबईचा कलिन्यास, म्हणजे पार्ल्याहून जवळ; महिला विद्यापीठाचा चर्चगेटला, पण तेथें लोकल थेट जाते. आजींची अडचण कोठेंच मोठी नाहीं. (बारावीनंतर पहिल्या पदवीस जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. मुंबई विद्यापीठाची पहिली पदवी बहुतेक संलग्न महाविद्यालयांतून मिळते, म्हणून तेथें विद्यापीठापेक्षां महाविद्यालय पारखावें.)

इतकें बोलून आम्ही थांबलों, कारण आमचीच एक गोष्ट आठवली. पंचवीस वर्षांपूर्वीं आमच्या पुतणीस जुहूच्या परिसरांत, महिला विद्यापीठाच्या महाविद्यालयांत, गृहविज्ञान शिकावयाचें होतें. आम्हीं म्हटलें, ‘स्वयंपाक घरींहि शिकतां येतो.’ गृहविज्ञानांत आहारशास्त्र आहे, बालविकास आहे, वस्त्रशास्त्र आहे, हें पाहण्याची तसदी आम्हीं घेतली नाहीं. आमच्या शब्दाबाहेर त्या वेळीं घरांत कोणी जात नसे. मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी., विषय रसायन, असें आम्हींच ठरविलें. मुलगी हुशार, पहिल्या वर्गांत आली. निकालाचे पेढे आम्हीं वाटले. त्या दिवसानंतर रसायनाचें पुस्तक तिनें उघडल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. यंदां तिची मुलगी बारावी झाली. तिला कोठें घातलें हें आम्हांस तिसऱ्याकडून कळलें.

तेव्हां मत देण्याचें सोडून आम्हीं नातीस बाहेर बोलाविलें. ‘बाळ, तुला काय वाचावयाचें आहे?’

‘व्याकरण,’ ती म्हणाली. ‘पण अजोबा, व्याकरण कोण शिकवतं ते मला दोन्हीकडे जाऊन विचारायचं आहे. जमलं तर एकेक तास बसायचं आहे. घरून कोणी जाऊ देत नाही. म्हणतात, आधी कुठलं ते ठरू दे.’

काकांनीं वर्तमानपत्र उचललें. आजी म्हणाल्या, ‘सोमवारी जाऊ दे तिला.’

परवां स्नेह्यांचें पत्र आलें. मुलगी दोन्हीकडे जाऊन आली, एके ठिकाणीं तर दोनदां. ठरलें आहे म्हणते, पण अर्ज भरल्याखेरीज सांगणार नाहीं. घरांत सर्व खोळंबले आहेत.