विश्लेषण : गरीब पुरुष लवकर का मरतात? नॉर्वे ते नंदुरबार

अमेरिकेतील सर्वात श्रीमंत १ टक्का पुरुष सर्वात गरीब १ टक्का पुरुषांपेक्षा सरासरी १४.६ वर्षे जास्त जगतात, असे २०१६ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातील अभ्यासात दिसले. तिथे उपचार महाग, त्यामुळे फार आश्चर्य नको. पण जवळपास मोफत उपचार देणाऱ्या नॉर्वेतही ही दरी १३.८ वर्षांची निघाली (२०१९). दोन्ही देशांत स्त्रियांमधील दरी मात्र कमी आहे : १०.१ आणि ८.४ वर्षे.

म्हणजे दवाखाना मोफत केला की प्रश्न मिटला, असे नाही.

भारतात काय स्थिती?

आपल्याकडे सर्वात गरीब पाचव्या हिश्श्याचे आयुर्मान ६५.१, तर सर्वात श्रीमंत पाचव्या हिश्श्याचे ७२.७ वर्षे, असा २०१९ च्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. (इथे तुलना टक्क्याची नाही, पाचव्या हिश्श्याची आहे. त्यामुळे ‘आपली दरी कमी’ असा अर्थ काढू नका.) शिवाय सगळा दोष पैशाचाही नाही. महाराष्ट्र सोडून नऊ राज्यांच्या माहितीवरील २०२२ च्या अभ्यासात आदिवासींचे आयुर्मान उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा चार वर्षांहून अधिक कमी आढळले आणि आर्थिक स्थितीने त्यातला निम्म्याहून कमी फरक उलगडला.

नंदुरबारचे काय?

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात इथले ५२.१२ टक्के लोक बहुआयामी गरीब होते, राज्यात सर्वाधिक. राज्याची सरासरी १४.८५ टक्के होती. पुढच्या अहवालात जिल्ह्याचे प्रमाण घटले.

पावसाळा संपला की अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याकडची अनेक कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. बरीच जण सुरत, बारडोलीच्या पट्ट्यात जातात आणि उन्हाळ्यात परततात. आता क्षयरोगाचा विचार करा. साध्या क्षयरोगाचा उपचारही किमान सहा महिने चालतो आणि तोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. औषध गावच्या आरोग्य केंद्रात, रुग्ण गुजरातेत उसाच्या फडात. ‘निक्षय’ पोर्टलवर रुग्णाची नोंद दुसऱ्या राज्यात वर्ग करता येते, पोषणासाठी महिना १,००० रुपयेही मिळतात. पण त्यासाठी आधी निदान व्हायला हवे. खोकला आहे म्हणून फडावरचा माणूस रोज बुडवून तपासणीला जात नाही. उचल फेडायची असते. महात्मा फुले योजनाही मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावर कामी येते, ओपीडीला नाही.

डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या २०१८ च्या अहवालानुसार आदिवासींमध्ये लाखामागे ७०३ क्षयरुग्ण होते, इतरांमध्ये २५६. तंबाखू वापरणारे आदिवासी पुरुष ७२ टक्के, इतर ५६ टक्के.

पुरुषांची मोजणी कुठे होते?

फारशी होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकात स्त्रिया आणि मुलांच्या रक्तक्षयाची आकडेवारी असते. पुरुषांची मुख्यतः बीपी, शुगर, तंबाखू आणि दारू, तीही उत्पन्नानुसार फोडलेली नाही. माता-बालमृत्यूंचे प्रमाण पाहता हा प्राधान्यक्रम समजण्यासारखा आहे. पण अमेरिका आणि नॉर्वेला आपली दरी दिसली ती प्रत्येकाचे उत्पन्न आणि मृत्यूची नोंद एकमेकांना जोडता आली म्हणून. फडावर मरण पावलेल्या चाळिशीतल्या माणसाचे उत्पन्न आपल्याकडे कोणत्याच रजिस्टरमध्ये नसते.