वीजबिलातील बचत गेली कुठे?

आमच्या कापड बाजारात एक जुना रिवाज आहे. माल उधारीवर उचलला की त्याच दिवशी वहीत रक्कम आणि मुदत लिहायची. माल विकून पैसा आला की आधी त्या उधारीचा हिस्सा बाजूला काढायचा आणि मग उरलेल्यात घर चालवायचे. ज्याने हा क्रम उलटा केला, त्याची पेढी फार दिवस टिकल्याचे आम्ही पाहिलेले नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत नगरपालिका, सरकारी कार्यालये आणि शाळांसाठी वीजबचतीच्या ज्या योजना आल्या, त्यांच्याकडे आम्ही याच नजरेने पाहतो.

पालिकेची वीज मुख्यतः दोन ठिकाणी खर्च होते. एक, पाणी उपसणारे पंप आणि दुसरे, रस्त्यावरील दिवे. त्याखालोखाल कार्यालये, दवाखाने व शाळा येतात. हे बिल आपल्याच घरपट्टी आणि पाणीपट्टीतून भरले जाते. शिवाय आपल्या देशात बहुतांश वीज अजूनही कोळसा जाळूनच तयार होते. एक युनिट वीज तयार करताना सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन वायू हवेत जातो. म्हणजे सरकारी कचेरीत रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा तिजोरीचे नुकसान करतो आणि हवेचेही.

हा खर्च कमी करण्यासाठी एनटीपीसी, पॉवर ग्रिड आणि अन्य दोन सरकारी कंपन्यांनी मिळून २००९ साली ‘ईईएसएल’ नावाची कंपनी काढली. ५ जानेवारी २०१५ रोजी रस्त्यावरील दिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याची रीत आपल्या व्यापाऱ्यांना सहज समजण्यासारखी आहे. कंपनीने स्वतःच्या भांडवलाने जुने दिवे काढून एलईडी दिवे बसवायचे, ठरलेली वर्षे त्यांची देखभाल करायची आणि पालिकेने वीजबिलात झालेल्या बचतीतून तिचे हप्ते फेडायचे. पालिकेला सुरुवातीला मोठी रक्कम गुंतवावी लागत नाही.

घाऊक खरेदीची ताकद काय असते, तेही याच कंपनीने दाखवून दिले. घरगुती एलईडी बल्ब २०१४ साली कंपनीला ३१० रुपयांच्या आसपास पडत होता. लाखो-कोटींच्या मागणीचे टेंडर निघू लागले, तसा दोन-तीन वर्षांत तोच भाव ४० रुपयांच्या खाली आला. रस्त्यावरील दिव्यांबाबत सरकारी आकडेवारी सांगते की जानेवारी २०२५ पर्यंत १ कोटी ३४ लाख दिवे बसले, त्यामुळे वर्षाला सुमारे ९०० कोटी युनिट वीज वाचते आणि ६२ लाख टन कार्बन वायू कमी होतो.

एका खांबाचा हिशेब करून पाहू. १५० वॅटचा जुना सोडियम दिवा चोकसह १७० वॅटच्या आसपास वीज खातो. त्याच्या जागी ७० वॅटचा एलईडी लावला तर १०० वॅट वाचतात. रात्री ११ तास दिवा चालला तर वर्षाला सुमारे ४०० युनिट होतात. दर सात रुपये धरला तर २,८०० रुपये झाले. एक हजार खांबांचे २८ लाख. लहान पालिकेसाठी ही रक्कम थोडी नाही.

मग अडचण कुठे आहे? आमच्या गावचा अनुभव सांगतो. दिवे बदलले, बाजारपेठ उजळली, बिल उतरले. पण वाचलेल्या पैशाचे वेगळे खाते कोणी उघडले नाही. तो पैसा सर्वसाधारण निधीत मिसळला आणि दुसऱ्याच कामांना लागला. दिवे बसवणाऱ्याचे हप्ते थकले. हप्ते थकले तशी देखभालीची माणसे येईनाशी झाली. एका वर्षी रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत आमच्या गल्लीतील निम्मे दिवे बंद होते. ऐन खरेदीच्या दिवसांत गिऱ्हाईक अंधारी गल्ली टाळून पलीकडच्या रस्त्याला गेले. त्या दहा दिवसांत आमच्यासह किती दुकानदारांचा माल पडून राहिला, त्याची नोंद पालिकेच्या कोणत्याही कागदावर सापडणार नाही.

हे केवळ आमच्याच गावात घडले असेही नाही. देशभरातील स्थानिक संस्थांकडे ईईएसएलची मोठी थकबाकी साचली आहे. पालिकेची बाजूही ऐकली पाहिजे. अनुदान उशिरा येते, पगार थांबवता येत नाहीत आणि पाणीपुरवठ्याची बिले डोक्यावर असतात. दुसरा वाद बचतीच्या मोजणीचा आहे. काम सुरू होण्यापूर्वी किती खांबांवर दिवे खरोखर जळत होते, याची नोंदच नसेल तर बचत कशाशी ताडून पाहणार? पूर्वी शंभरातले तीस दिवे बंद असतील आणि आता शंभरही लागले असतील, तर उजेड वाढतो पण बिल अपेक्षेइतके उतरत नाही. मग एक म्हणतो बचत झाली, दुसरा म्हणतो झाली नाही, आणि हप्ता अडकतो.

ब्रिटनमध्ये याच कामासाठी २००४ साली सॅलिक्स नावाची संस्था स्थापन झाली. तिने सरकारी पैशातून शाळा, रुग्णालये आणि नगर परिषदांना वीजबचतीसाठी अनेक वर्षे बिनव्याजी कर्जे दिली. बचतीतून परतफेड व्हायची आणि काही ठिकाणी तोच पैसा त्याच संस्थेच्या पुढच्या कामाला लावला जायचा. बिनव्याजी उधारीचे मोल आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. पण तिथेही पाया हाच होता, की बचत मोजायची आणि परतफेड करायची. व्याज नसले म्हणून हिशेब सुटत नाही.

आमच्या मते प्रत्येक पालिकेने चार गोष्टी कराव्यात. काम सुरू होण्यापूर्वी बारा महिन्यांची बिले आणि चालू-बंद दिव्यांची मोजणी कागदावर यावी. दिव्यांना आणि पंपांना स्वतंत्र मीटर असावेत. बचतीचे खाते वेगळे असावे आणि त्यातून पहिला हक्क हप्त्याचा व देखभालीचा असावा. आणि देखभालीचे काम गावातल्या वायरमन व वाइंडिंग कारागिरांना शिकवून द्यावे. बाहेरगावच्या माणसाची वाट पाहत दिवा महिनोन्‌महिने बंद राहतो, आपला कारागीर मात्र संध्याकाळी तोच दिवा लावून घरी जातो.

काही बचत तर एकही दिवा न बदलता होते. आमचे शालेय शिक्षण उर्दूतून झाले. मंजूर भार, स्थिर आकार, पॉवर फॅक्टर हे शब्द आम्ही यंत्रमागवाल्या मित्रांच्या वीजबिलांवरच शिकलो. जरुरीपेक्षा जास्त मंजूर भार घेतला किंवा कपॅसिटर बिघडला तर विनाकारण किती पैसे जातात, हे कारखानदाराला चांगले ठाऊक असते. पालिकेच्या पंपघराचे बिल त्याच्यासमोर ठेवले तर तो तासाभरात दोन चुका दाखवील. त्याला विचारतो कोण?

हीच रीत आपल्या धंद्यातही आली आहे. २०१७ साली केंद्राच्या वस्त्रोद्योग आणि ऊर्जा मंत्रालयांनी ‘साथी’ योजना जाहीर केली. सुरुवातीच्या प्रात्यक्षिकांसाठी निवडलेल्या केंद्रांत आपले इचलकरंजी होते. नवे माग, मोटारी आणि रेपियर किट ईईएसएलने घाऊक खरेदी करून द्यायचे आणि मागवाल्याने हप्त्यांनी पैसे फेडायचे, अशी तिची कल्पना. अशी कोणतीही योजना घेताना आधी मीटर बघा, रोजचे युनिट लिहा आणि मगच सही करा.

सार्वजनिक पैसा ही सर्वांची अमानत आहे. म्हणून आमची व्यापारी बंधूंना विनंती आहे की आपल्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. रस्त्यावरील दिव्यांचे मागील तीन वर्षांचे युनिट, भरलेले बिल, थकलेले हप्ते आणि बंद खांबांची संख्या पालिकेकडे लेखी मागावी. मिळाली नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. आपल्या दुकानाची वही आपण रोज रात्री तपासतो, मग ज्या उजेडात ते दुकान चालते त्याची वही वर्षातून एकदा तरी पाहायला काय हरकत आहे?